रुग्णवाहिका येते कुठून, येत नाही ती का? ग्रामीण विदर्भातून नेहमी येणारे प्रश्न

दोन वेळा ग्रामपंचायतीत निवडून आलो. त्यातली काही वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवरही होतो. तेव्हापासून रात्री-बेरात्री फोन येतात, "भाऊ, गाडी पाठवा ना." गाडी माझ्याकडे नाही, कधीच नव्हती. पण ती कोणाच्या ताब्यात असते, कोणाच्या सांगण्यावरून निघते आणि निघाली नाही तर कोणाला धरायचं, हे हळूहळू कळत गेलं. तेच इथे लिहिलं आहे.

१०८ लावायचा की १०२?

अपघात, साप, छातीत दुखणं, झटके, विषबाधा, वीज पडणं, भाजणं, माणूस बेशुद्ध होणं, यातलं काहीही असलं तर १०८. बाळंतपणाच्या कळा, बाळंतीण किंवा वर्षाच्या आतलं आजारी बाळ असेल तर १०२. कळांसोबत अंगावरून खूप रक्त जात असेल किंवा झटके येत असतील, तर मात्र १०२ ची वाट बघू नका, १०८ च लावा.

दोन्ही गाड्या पांढऱ्या, दोन्हींवर दिवा, म्हणून लोकांना एकच वाटतात. पण मालक वेगळे आहेत. १०८ ही राज्य शासनाची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीलाच ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ 'एएलएस', म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाला शॉक देणारं यंत्र असलेल्या, आणि ७०४ साध्या 'बीएलएस'. महाराष्ट्राच्या या सेवेचं वेगळेपण म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. चालकाला इथे पायलट म्हणतात. गाडी तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात उभी दिसली, तरी तिला सोडायचं की नाही हे तिथले डॉक्टर ठरवत नाहीत. ते कंट्रोल रूम ठरवते.

१०२ ची गाडी बहुतेक ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्राची, म्हणजे जिल्हा परिषदेची. जून २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला तेव्हापासून तिच्या तीन फेऱ्या फुकट आहेत: घरून दवाखान्यात, तिथून रेफर केलं तर मोठ्या दवाखान्यात, आणि सुटी झाल्यावर घरी. तिसरी फेरी लोक मागतच नाहीत. ओली बाळंतीण तीन दिवसांचं बाळ घेऊन एसटीच्या मागच्या सीटवर आदळत घरी येते, आणि गाडी आरोग्य केंद्रासमोर उभीच असते. सुटीच्या दिवशी सकाळीच सिस्टरला सांगून ठेवा.

मग ११२ कशासाठी?

मुख्यतः पोलिसांसाठी. मारामारी, आग, घातपात अशा वेळी ११२ लावा, ते पुढे कळवतात. पण निव्वळ आजारपणात सरळ १०८ लावला तर मधला एक टप्पा वाचतो. राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाला तर १०३३ वरही गाडी मागता येते. पूर आला, तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७.

१०८ लावला तर पुण्याहून बोलतात. त्यांना आमचं गाव काय माहीत?

खरंच माहीत नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सगळ्या राज्याचे फोन पुण्याच्या कंट्रोल रूमला जातात. फोन घेणाऱ्या मुलीसमोर नकाशा असतो, पण आपल्याकडे गावांच्या नावांचा दुष्काळ आहे. हिवरा म्हटलं तर कोणता? हिवरा आश्रम मेहकर तालुक्यात, हिवरा संगम महागाव तालुक्यात, आणि नुसते हिवरे तर किती तरी. पिंपळगाव, वडगाव, खापरी यांचीही तीच गत.

एकदा माझ्यासमोरच एका पोरानं फोन लावला होता. "कोणतं गाव?" "हिवरा." "तालुका?" "अवो मॅडम, हिवराच हाय ना, पाण्याच्या टाकीपाशी या!" मागून बायका रडत होत्या, तो चिडला आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तो मी, आणि मधली चार मिनिटं गेली ती गेलीच.

म्हणून याच क्रमानं सांगा: जिल्हा, तालुका, गाव, जवळचं मोठं गाव किंवा फाटा, मग रुग्णाला काय झालं ते. "राळेगाव तालुका, अमुक फाट्यापासून आत तीन किलोमीटर, मारुतीच्या देवळाजवळ" एवढं पुरतं. त्यानंतर गाडीतला डॉक्टर किंवा पायलट तुम्हाला उलटा फोन करतो, म्हणून ज्या फोनवरून बोललात तो चालू ठेवा आणि त्यावरून सगळ्या नातेवाइकांना फोन करत बसू नका. एक माणूस टॉर्च घेऊन फाट्यावर उभा करा. गाव मागे पडून गाडी पुढे निघून जाते, हे माझ्या डोळ्यांदेखत दोनदा झालं आहे.

आमच्या ग्रामपंचायतीनं एक बिनपैशाचं काम केलं. फाट्यावरच्या पाटीवर तालुक्याचं आणि जिल्ह्याचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलं आणि आशाताई, पोलीस पाटील, कोतवाल यांच्याकडे पत्ता कसा सांगायचा याची चिठ्ठी दिली.

गाडी किती वेळात यायला हवी?

१०८ सुरू झाली तेव्हा शहरात २० मिनिटं आणि खेड्यात ३० मिनिटं असं उद्दिष्ट होतं. डांबरी रस्त्यालगतच्या गावात ते कधीकधी साधतं. पांदण रस्त्याच्या गावात पावसाळ्यात साधत नाही. तिथे रुग्णाला बंडीत किंवा ट्रॅक्टरवर टाकून पक्क्या रस्त्यापर्यंत आणावंच लागतं. फोनवर तसं सांगा: "आम्ही फाट्यावर येतो, तुम्ही फाट्यावर या."

आमच्याकडेच गाड्या इतक्या कमी का?

कारण गाड्या डोकी मोजून दिल्या जातात. साधारण एक लाख लोकांमागे एक गाडी आणि पाच लाखांमागे एक एएलएस, असा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा हिशेब. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. ९३७ नं भागा, सव्वा लाखाच्या आतच एक गाडी पडते. कागदावर वाईट नाही.

आता हाच हिशेब गडचिरोलीला लावून बघा. जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे अकरा गाड्या. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. एका गाडीच्या वाट्याला तेराशे चौरस किलोमीटर जंगल, नाले आणि घाट. नागपूर जिल्ह्याला त्याच सूत्रानं एका गाडीमागे दोनशे-सव्वादोनशे चौरस किलोमीटर येतात, आणि तिथे वाटेत मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, खाजगी दवाखान्यांची रांग आहे. भामरागड किंवा मेळघाटातल्या धारणीतला माणूस एक असला तरी त्याच्यासाठी गाडीला जेवढं चालावं लागतं तेवढं नागपूरच्या पाच जणांसाठी लागत नाही. दुर्गम भागासाठी माणसांऐवजी अंतर मोजून गाड्या द्या, ही मागणी ग्रामसभांनी ठरावात लिहून पाठवायला हवी. नुसतं "गाडी द्या" म्हटलं की उत्तर येतं, निकषात बसत नाही.

गाडी तालुक्यात आहे म्हणतात, पण रात्री मिळाली नाही. खोटं बोलतात का?

बहुतेक वेळा खोटं नसतं. गाडी रेफरच्या फेरीवर गेलेली असते. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, धारणीहून घाट उतरून अमरावतीला इर्विन, म्हणजे जिल्हा रुग्णालयापर्यंत जवळपास तेवढंच. जायला तीन-चार तास, तिथे केस दाखल करून स्ट्रेचर मोकळं होईपर्यंत थांबणं, परत यायला तेवढेच. सात-आठ तास तो तालुका उघडा. त्याच वेळी कोणाच्या छातीत दुखलं तर शेजारच्या तालुक्यातली गाडी निघते आणि मग त्यांचं अंगण रिकामं होतं.

यावर गाड्या वाढवणं हा एकच उपाय नाही. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ असले, रक्त साठवायची सोय असली, तर निम्मे रेफर होणारच नाहीत असं मला वाटतं. गाडीच्या तक्रारीमागे पुष्कळदा दवाखान्यातली रिकामी खुर्ची असते.

ग्रामपंचायतीचं यात नेमकं काम काय? आरोग्य तर शासनाचं ना?

संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीनंतर अकराव्या अनुसूचीत पंचायतींना ज्या विषयांचे अधिकार द्यायचे आहेत त्यात आरोग्य, रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दवाखाने आहेत. प्रत्यक्षात मात्र कामं वाटलेली आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं; वर तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, सगळ्यात वर मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय थेट राज्याचं. तिथे वैद्यकीय अधीक्षक आणि वर जिल्हा शल्यचिकित्सक. या दोन साखळ्या वर आरोग्य उपसंचालकांच्या कार्यालयात भेटतात, अमरावती विभागासाठी अकोल्यात आणि नागपूर विभागासाठी नागपुरात. १०८ ची साखळी तिसरीच.

ग्रामपंचायत या तिघांच्या मध्ये आहे. ती डॉक्टर नेमू शकत नाही. पण रस्ता, दिवे, पाट्या आणि फाट्यावरची शेड तिच्या हातात आहे, गावातल्या आरोग्य, पोषण व पाणीपुरवठा समितीचा वर्षाचा दहा हजारांचा अबंध, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चता येणारा निधी आहे आणि ग्रामसभेत विचारायचा हक्क आहे. पांदण रस्त्यावर मुरूम टाकणं ही आरोग्यसेवाच आहे, असं मी सभेत म्हटलं तेव्हा लोक हसले होते. पुढच्या पावसाळ्यात कोणी हसलं नाही.

आमदार निधीतून गावाला गाडी मिळते आहे. घ्यावी का?

थांबा आणि आधी एक प्रश्न विचारा: दुसऱ्या वर्षी डिझेल कोण भरणार?

हे अनुभवावरून सांगतो. आमच्या भागातल्या एका गावाला अशीच गाडी आली. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. पहिले चार महिने गावातलाच एक पोरगा हौसेनं चालवत होता. मग त्याचं लग्न झालं आणि त्याला पगार हवा झाला, जो रास्तच होता. विमा संपला. बॅटरी उतरली. मी बघायला गेलो तेव्हा गाडी समाजमंदिराच्या शेडखाली उभी होती, टायरांखाली बकऱ्या बसल्या होत्या आणि आत ऑक्सिजनच्या सिलिंडरवर कोणीतरी तुरीची पोती टेकवून ठेवली होती. काटा शून्यावर. गाडीवर दात्याचं नाव मात्र ठळक होतं.

गाडी घेणं एका दिवसाचं काम, चालवणं रोजचं. चोवीस तास सेवा द्यायची तर तीन पाळ्यांचे तीन चालक लागतात आणि सुटीसाठी चौथा. एकाच माणसाला चोवीस तास राबवायचं, तर एखाद्या रात्री तो फोन उचलणार नाही, आणि नेमकी तीच रात्र घाताची ठरेल. डिझेल, टायर, विमा, फिटनेस, ऑक्सिजन भरणं, चादरी धुणं. शिवाय कोणतीही व्हॅन रंगवली की रुग्णवाहिका होत नाही. 'एआयएस-१२५' या मानकाप्रमाणे तिचे प्रकार ठरलेले आहेत आणि नोंदणीही तशीच व्हावी लागते.

म्हणून माझं मत असं, की एकट्या गावानं गाडी घेऊ नये. आठ-दहा गावांनी मिळून ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावानं घ्यावी, चालवायचा खर्च कोणत्या निधीतून येणार हे ठरावात लिहावं आणि मगच हार घालावा. काही सरपंचांना हे पटत नाही, कारण मग गाडीवर गावाचं नाव येत नाही.

चालवायचा पैसा कुठून आणायचा?

चंद्रपूर, यवतमाळचा वणी पट्टा, नागपूरचा काही भाग अशा खाणपट्ट्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर तो आला आणि आरोग्य त्यात प्राधान्याच्या कामांत मोडतं. गडचिरोली आणि मेळघाटातल्या पेसा (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या) गावांना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीत येतो. तोही आरोग्यावर खर्चता येतो. इतरांनी जिल्हा परिषदेचा स्वनिधी आणि रुग्ण कल्याण समिती यांच्यामागे लागावं. समितीच्या बैठकीला जा. मी असताना तीनपैकी दोन बैठका सह्यांवरच उरकल्या जायच्या.

साप चावला. गाडीची वाट बघायची की निघायचं?

हा प्रश्न जूनपासून दिवाळीपर्यंत रोज येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चौघांवर एकच लस चालते आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवी. तेव्हा पहिला फोन १०८ ला, दुसरा आरोग्य केंद्राला: "लस आहे का? डॉक्टर आहेत का?" नसतील तर सरळ ग्रामीण रुग्णालयाकडे वळा, मध्ये थांबून वेळ घालवू नका.

गाडीला अर्ध्या तासाहून जास्त लागणार असेल तर निघा. चारचाकी नसेल तर फटफटीवर पुढे चालवणारा, मध्ये रुग्ण, मागे धरणारा. वाटेत १०८ च्या डॉक्टरांशी बोलत राहा आणि अर्ध्या रस्त्यात भेटा. पाय किंवा हात हलू देऊ नका, जमलं तर काठी लावून कापडानं सैल बांधा. अंगठी, चाळ, करदोडा काढा. दोरीनं आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं ओढू नका. साप मारून पिशवीत आणायचीही गरज नाही. दवाखान्यात दुसऱ्याला चावायचा.

मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, मग पापण्या खाली येतात. घरचे म्हणतात गॅस झाला, ओवा देतात. पापण्या जड झालेला माणूस दिसला की १०८ ला "श्वास अडकतोय, एएलएस गाडी द्या" असं स्पष्ट सांगा, कारण पुढे त्याला कृत्रिम श्वास लागतो.

घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठणं थांबतं. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवतात आणि गोठलं का ते बघतात. तेवढा वेळ डॉक्टर "नुसते बसलेत" असं समजून भांडू नका. ते तपासणीच करताहेत.

आणि भगताकडे? वीस वर्षांत मी एवढंच शिकलो, की त्याच्याशी वाद घालायचा नाही. आमच्याकडच्या एका भगतालाच आशाताईंनी १०८ चा नंबर पाठ करून दिला. आता तो मंत्र म्हणतो, पण फोन लावल्यावर.

फवारताना चक्कर आली, उलट्या झाल्या तर?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, त्यातले बरेच दवाखान्यात उशिरा पोचले. माणसाला वावराबाहेर सावलीत आणा, कपडे काढा, साबणानं अंग धुवा, स्वतः हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला. उलटी करवू नका, दूध पाजू नका. औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्या. उपचार त्यावर ठरतो. धुऱ्यावर टाकलेला रिकामा डबा शोधण्यात गेलेली पाच मिनिटं कामी येतात.

पुरात रस्ताच बंद झाला तर?

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा आलापल्लीशी संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेनं भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत किती गावं वेढली होती ते आठवा. अशा वेळी रुग्णवाहिकेला फोन करून उपयोग नाही. तहसीलदार आणि १०७७. होडी, बचाव पथक, ट्रॅक्टर यांची व्यवस्था जिल्हाधिकारी करतात.

बाळंतपणाची तारीख मात्र आधी माहीत असते. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' आहे: तारखेच्या काही दिवस आधी बाईनं तिथे येऊन राहायचं, सोबत नातेवाईक आणि लहान मूल चालतं. जून उजाडला की गावच्या आरोग्य समितीनं गावातल्या गरोदर बायकांची यादी काढावी. नाल्यापलीकडे कोण राहते ते आशाताईला तोंडपाठ असतं.

रस्त्यावर अपघात दिसला, पण पोलिसांचं लफडं नको वाटतं.

लफडं होत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही आणि त्याच्यावर गुन्हा-दावा होत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत बिनपैशाचे उपचार देण्याची केंद्राची योजनाही लागू झाली. आणि सायरन ऐकून गाडीवाल्यानं वाट दिली नाही तर दहा हजारांचा दंड आहे. हे लग्नाच्या वरातीतल्या डीजेच्या गाडीलाही लागू आहे.

खाजगी गाडीवाला मनाला येईल ते भाडं मागतो.

खाजगी रुग्णवाहिकेचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. दरपत्रक मागा, पावती घ्या, तक्रार आरटीओकडे करा.

मृतदेह न्यायला १०८ येईल का?

नाही, ती जिवंत रुग्णासाठी आहे. शववाहिकेसाठी रुग्णालयाच्या अधीक्षकांना किंवा नगरपंचायतीला विचारा. ग्रामीण भागात त्या फार थोड्या आहेत, आणि माणूस गेल्यावर घरच्यांना गाडीसाठी वणवण करावी लागते हे मला सगळ्यात लाजिरवाणं वाटतं.

गाडी आलीच नाही. तक्रार कुठे करायची?

आधी त्याच रात्री कागदावर वेळ लिहा: फोन कधी लावला, काय उत्तर मिळालं, गाडी कधी आली. फोनमधली कॉलची नोंद पुसू नका, तिचा फोटो काढा. १०८ ची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, १०२ ची जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, लेखी, पोच घेऊन. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि त्या तारखेच्या लॉगबुकाची प्रत मागा. गाडी कुठे होती, किती किलोमीटर फिरली, डिझेल किती भरलं, हे सगळं त्या वहीत असतं. तीस दिवसांत द्यावी लागते.

आम्ही एकदा मागितली होती. ज्या रात्री गाडी "नादुरुस्त" होती, त्या रात्री ती बासष्ट किलोमीटर चालली होती. पुढच्या ग्रामसभेत तेवढं एक पान मोठ्यानं वाचून दाखवलं.